मागं राहणाऱ्यानं हाळी द्यायची

माझे नातू टीव्हीवर फुटबॉल बघत बसतात. मधेच एखादा मला हाताला धरून समोर बसवतो आणि समजावून सांगतो, की आजोबा, याला ऑफसाइड ट्रॅप म्हणतात. मागचे गडी एकदम पुढं सरकतात, समोरचा गडी एकटा मागं राहतो, मग त्यानं गोल मारला तरी धरत नाहीत. हे अलीकडचं डोकं आहे म्हणे. मी मुकाट्यानं ऐकून घेतो. आता या लेकरांना काय सांगावं, की हे अलीकडचं डोकं मी हिंगोलीच्या कॅम्पातल्या मैदानावर, निजामाच्या राज्यात, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चालवलेलं आहे. आणि त्यापायी एक लबाडीही केली आहे. ती आज सांगून टाकतो. या वयात अब्रू जायची भीती नसते, ऐकणारं माणूस उठून जाईल एवढीच असते.

सुरुवात माझ्या पायांपासून करावी लागेल, कारण सगळा घोळ त्यांचा आहे. मी जन्मात कधी धड पळालो नाही. आमचं घर पुसेगावचं, शेतीवाडीचं, घरात दूधदुभतं भरपूर, आणि खाण्याच्या बाबतीत मी कधी कुणाचं मन मोडलं नाही. सात यत्ता उर्दूतून शिकलो, थोडी इंग्रजी चाटली, आणि हिंगोलीच्या तहसील कचेरीत नकलनवीस म्हणून चिकटलो. नकलनवीस म्हणजे एका कागदावरचं दुसऱ्या कागदावर उतरवून काढणारा माणूस. सकाळी मांडी घातली की ती दिवस कलल्यावरच मोडायची. बाविसाव्या वर्षी माझं पोट माझ्या आधी कचेरीत पोचायचं.

अशा माणसाला फुटबॉलच्या मैदानात उतरवणारे आमचे उस्ताद. बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. वय पन्नाशीच्या पुढं, दाढी पांढरी, अंगानं शिडशिडीत. हिंगोलीला पलटण होती त्या काळी ते लहान होते, आणि साहेब लोकांच्या बॉलमागं पळता पळता खेळ शिकले होते. पुढं पलटण गेली, साहेब गेले, मैदान उस्तादांकडं राहिलं. रोज दुपारची नमाज झाली की ते मशीन झाकायचे आणि गळ्यातली टेप तशीच ठेवून मैदानावर यायचे. गावात कुणी काही खेळला असेल तर तो त्यांच्याच शिट्टीवर.

एकदा मी मैदानाच्या कडेला भुईमुगाच्या शेंगा खात उभा होतो. एक गडी कमी पडला होता. उस्तादांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत कपड्याचं माप घ्यावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "उतर."

"उस्ताद, मला पळता येत न्हाई," मी म्हणालो.

"तेरेकू दौडना नक्को. तू खाली खडा रह."

आजवर मला कुणी असं म्हटलं नव्हतं. शाळेत, शेतात, घरात, सगळीकडं 'ऊठ, पळ, चल' हेच. इथं एक माणूस म्हणत होता की तू उभा राहिलास तरी कामाचा आहेस. मी शेंगा खिशात टाकल्या आणि उतरलो. त्या दिवसापासून उस्तादांसाठी जीव द्यायला तयार होतो, फक्त तो पळत जाऊन द्यावा लागू नये एवढंच.

हा उभं राहण्याचा मामला नीट समजून घ्या, पुढचं सगळं यावरच आहे. उस्तादांचा कायदा असा, की समोरच्या गड्याकडं बॉल टाकला जातो त्या घटकेला तो गडी आणि आपला गोल यांच्यामधे आपली तीन माणसं पाहिजेत. गोलकीपर धरून तीन. एक जरी कमी पडला तर तो गडी ऑफसाइड, शिट्टी झाली, बॉल आपला. आमच्या मागच्या फळीत आम्ही दोघंच असायचो. एक मी, आणि दुसरा पिंजारी. तो कापूस पिंजणाऱ्या घरातला, अंगानं काडी आणि पायाला भलताच चपळ. बॉल येतोय असं दिसलं की पिंजारी चार पावलं पुढं पळायचा. मागं उरायचे गोलकीपर आणि मी. तिनाचे दोन झाले की समोरचा गडी फसला. पिंजाऱ्यानं पळायचं आणि मी उभं राहायचं, असा आमचा संसार होता.

शाळेची पोरं असोत, पोलीस लायनीतले शिपाई असोत, सगळ्यांना याच कायद्यानं आम्ही जेरीस आणलं होतं. कुणी कुरकुरला तर उस्ताद म्हणायचे, पळसाला पानं तीनच. त्यांच्या तोंडी ती म्हण फार गोड वाटायची.

मग एका उन्हाळ्यात आमचा बॉल गेला. मोच्यानं तरी किती टाके घालावेत. नवा बॉल वाशीमला मिळेल असं कळलं. वाशीम वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, आणि सगळ्यांच्या समजुतीप्रमाणं इंग्रजी येणारा मी एकटा. म्हणून मला धाडलं. मी सर्व्हिस मोटारीनं गेलो, बॉल घेतला, जिलबी खाल्ली आणि परत निघालो.

कनेरगाव नाक्यावर मोटार थांबली. तिथं वऱ्हाड संपून निजामाचं राज्य लागायचं, आणि करोडगिरीचे शिपाई जकातीसाठी प्रत्येकाचं सामान उघडून बघायचे. माझा नंबर यायला उशीर होता. लिंबाखाली बसून बॉलचा डबा उघडला तर आत एक पातळ चोपडी निघाली, इंग्रजीत खेळाचे कायदे छापलेली. नकलनवीसाची खोड वाईट, समोर कागद आला की वाचल्याशिवाय राहवत नाही. अडखळत वाचत गेलो आणि ऑफसाइडच्या पानावर आलो. तिथं 'तीन' नव्हतं. 'दोन' होतं.

मला वाटलं छपाईची चूक आहे. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. दोनच. आणि मग हळूहळू अर्थ डोक्यात उतरला. समोरच्याला आता दोनच माणसं पुरत होती. म्हणजे पिंजारी पुढं पळाला आणि मी मागं उभा राहिलो, तर मी आणि गोलकीपर मिळून ती दोन माणसं आम्हीच त्याला पुरवणार. माझं उभं राहणं हीच आता आमच्या गोलला पडलेली फट होती. मला पुढं पळणं भाग, नाहीतर मैदानाच्या कडेला जाऊन शेंगा खाणं भाग.

चोपडी कोटाच्या आतल्या खिशात गेली. शिपायानं डबा उघडला, बॉल दाबून पाहिला आणि विचारलं, "और कुछ है?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्या नाक्यावरून मी आयुष्यात चोरून आणलेली चीज ती एवढीच. घरी आल्यावर ती पेटीत तळाशी ठेवली. उस्तादांनी बॉल हातात घेऊन वास घेतला, शिवण तपासली आणि विचारलं, डब्यात काही कागद-बिगद होता का. त्यांनाही मी न्हाई म्हणालो. वाटलं, आपलं गाव, आपलं मैदान, आपली शिट्टी. वाशीमचा कायदा वाशीमला. कोण येतंय इथं बघायला.

तो कायदा आलाच. वाशीमला जिथून बॉल घेतला त्या दुकानदाराचा पोरगा तिकडच्या टीममधे खेळायचा, आणि मी जिलबी खाता खाता हिंगोलीच्या टीमच्या बढाया मारल्या होत्या. श्रावणात त्यांचा निरोप आला, की अर्ध्या वाटेत नाक्याजवळच्या गायरानावर मॅच होऊन जाऊ द्या. आमची टीम हरखली. मी एकटा कुरकुरत होतो. पाऊस येईल म्हणालो, चिखल असेल म्हणालो, बैल थकतील म्हणालो.

आमच्या पुढच्या फळीत जिनिंग फॅक्टरीतला फायरमन होता. आवाज भोंग्याइतका आणि मनात काही ठेवायची सवय नाही. तो म्हणाला, "काहून भिऊन राहिला रे? तुला तर तिथं बी उभंच राहायचंय."

गेलो. पंच म्हणून वाशीमच्या शाळेतले एक मास्तर होते, स्वच्छ कपड्यांचे, सौम्य बोलण्याचे. पहिल्याच धडाक्यात त्यांचा एक बॉल मागून लांब आला. पिंजारी चार पावलं पुढं पळाला आणि हात वर केला. मग आम्ही सगळ्यांनी हात वर केले आणि शिट्टीची वाट बघत उभे राहिलो. वाशीमचा गडी बॉल घेऊन माझ्या शेजारून गेला. जाता जाता त्यानं वळून पाहिलं, की बुवा हे सगळे हात वर करून काहून उभे आहेत. मग त्यानं सावकाश गोल मारला.

उस्ताद मैदानात आले. "साहब, तीन चाहिए," ते अदबीनं म्हणाले.

मास्तरांनी खिशातून एक चोपडी काढली. त्याच रंगाचा पुठ्ठा. पान उलगडून त्यांनी तितक्याच अदबीनं सांगितलं, "दोन, उस्तादजी. बदलून बरीच वर्षं झाली."

उस्तादांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी बुटाकडं पाहिलं. मग ते जाऊन बैलगाडीपाशी बसले आणि खेळ संपेपर्यंत उठले नाहीत. आम्ही पाच गोल खाल्ले. पाचही माझ्या शेजारून गेले.

परतताना गाडीत फायरमनचं तोंड सुटलं. म्हाताऱ्यानं आमाला खोटा कायदा शिकवला, वऱ्हाडाच्या लोकांसमोर आमचं नाक कापलं, धा वर्सं आमी येडेच बनून राहिलो. उस्ताद पुढं गाडीवानाशेजारीच बसले होते. सगळं ऐकू जात होतं. त्यांनी मागं न वळता एवढंच म्हटलं, "बराबर है."

मीही त्याच गाडीत होतो. एक वाक्य बोलायचं होतं, की त्यांना बोलू नका, मला ठाऊक होतं. ते वाक्य ओठापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा मी हिंगोली येईपर्यंत गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी उस्ताद मैदानावर आले नाहीत. शिट्टी त्यांनी पिंजाऱ्याकडं पाठवून दिली. तिसऱ्या दिवशी आले नाहीत, मग कधीच आले नाहीत. लोक बाजारातून जाता येता त्यांना बोटं दाखवायचे, काय उस्ताद, तीन का दोन. ते मान खाली घालून मशीन चालवायचे. मी त्यांच्या दुकानावरून जायचं सोडलं. त्याच दिवसांत माझी विजार मागून उसवली, पण ती शिवायला नेणार कुठं. दसरा होईपर्यंत कचेरीत भिंतीला पाठ लावून चाललो.

वाशीमवाल्यांनी दसऱ्यानंतर हिंगोलीला यायचं कबूल केलं होतं. आता खेळायचं ते दोनच्या कायद्यानं. म्हणजे आम्हा दोघांनाही एकदम पुढं सरकायला हवं होतं, म्हणजे समोरच्यामागं फक्त गोलकीपर उरला असता. पिंजारी "भाग" म्हणायचा आणि सुटायचा. मी ते ऐकायचो, मनात घोळवायचो आणि मग निघायचो. दरवेळी दोन पावलं मागं. फायरमन म्हणाला, याला काढा. पिंजारी म्हणाला, काढून आणायचा कुणाला. त्याला माझी दया आली की त्याच्याकडं खरंच दुसरा माणूस नव्हता, हे मी विचारलं नाही.

भादव्यात दोन दिवस सुट्टी मिळाली तेव्हा मी पिंजाऱ्याला पुसेगावला घेऊन गेलो. त्याला म्हटलं, आत्याच्या हातची भाकरी खाऊन ये, मग मला काढायचं का ठेवायचं ते ठरव. आमच्या शेतात कापसाची खुरपणी चालली होती. दहा-बारा बाया एका रांगेत बसलेल्या. प्रत्येकीला दोन ओळींचा पट्टा वाटून दिलेला, त्याला पात म्हणतात. सगळ्यांनी आपापली पात खुरपत एकाच रांगेत पुढं सरकायचं. एखादी मागं पडली की रांग मोडते, बोलणं तुटतं, भांडणं लागतात. या सगळ्यांवर आमची आत्या. तिच्या जिभेला बांध नव्हता, पण तिच्या शेतात रांग कधी वाकडी झाली नाही.

रांगेच्या मधोमध एक म्हातारी होती. हात कापणारे, गुडघे दुखणारे. आम्ही बांधावर बसून शेंगा खात बघत होतो. म्हातारी मधेच बारीक आवाजात म्हणायची, "चला वो." लगेच सगळी रांग एकदम पुढं सरकायची, म्हातारीसकट. म्हातारी तसूभरही मागं नाही.

पिंजाऱ्यानं विचारलं, "आत्या, ती आजी मागं काहून राहत न्हाई?"

"तिच्याच तोंडी हाळी दिली म्हून," आत्या म्हणाली. "मागं राहणाऱ्यानं हाळी द्यायची, असंच हाय आमच्यात. दुसरीनं हाळी दिली तर हिचं ध्यान ऐकण्यात, आन् पाय मागं. सोता हाळी द्यायची म्हणल्यावर तिचा पाय आदी उचलतो. बाकीच्या तरण्याताठ्या हायेत, त्या धरतात पाय तिच्या बराबर." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् एक सांगू का. हाळी देणाऱ्याला लपता येत न्हाई, बाप्पा. सगळ्यांचं ध्यान त्याच्यावर."

तिला माझ्या पेटीतल्या चोपडीचं काहीच ठाऊक नव्हतं. पण हातातली शेंग मी तशीच खाली ठेवली.

त्या दुपारी आम्ही दोघं शेजारच्या पडीक रानात उभे राहिलो. मी "चला वो" म्हणायचं आणि पाऊल टाकायचं, पिंजाऱ्यानं माझ्याबरोबर निघायचं. पहिल्या खेपेलाच जमलं. पिंजारी माझ्याकडं बघत राहिला. मी हाळी देत होतो म्हणून मीच पहिला निघत होतो, आणि तो माझ्यापेक्षा चपळ म्हणून मला गाठत होता. आजवर आम्ही उलटं करत होतो. बाया खुरपं खाली ठेवून हसत होत्या. म्हातारीनं मला सांगितलं, की पोटातून ओरड, नरड्यातून ओरडलास तर दम लागतो. ती युक्ती फार उपयोगाची निघाली.

दसरा झाला, मॅचचा दिवस आला. सकाळी सगळे मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होते. फायरमन कुणाला तरी म्हणाला, "म्हातारं आलं न्हाई तेच बरं. पुना चारचा कायदा काढायचं."

काय झालं कोण जाणे, माझ्यानं राहवलं नाही. मी खिशातून चोपडी काढली. ती मी आठ दिवसांपासून जवळ घेऊन फिरत होतो, रोज उद्या सांगू म्हणत. मी सगळ्यांना सांगितलं. बॉलच्या डब्यात ही होती. नाक्यावर वाचली. उस्तादांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. काहून, तर दोनचा कायदा आला की मला काढाल म्हणून. गाडीत तुमी त्यांना बोलत होता तवाही मी गप बसलो.

पिंजारी माझ्याकडं असा बघत होता की मला त्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. शेवटी फायरमन म्हणाला, "म्हंजे ते पाच गोल आदीपासून तुझ्या पोटातच होते व्हय." आणि चुन्याचं घमेलं उचलून चालता झाला.

पिंजारी तडक बाजारात गेला. परत आला तो एकटाच. उस्तादांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले की दिवाळीच्या कपड्यांची गर्दी आहे. टीमनं मला काढलं नाही, कारण काढायला वेळ नव्हता. मॅच झाल्यावर बघू म्हणाले.

वाशीमवाले ऐटीत आले. तेच मास्तर पंच. सुरुवातीलाच त्यांनी एक गोल केला, तो मात्र साधा सरळ, त्यात माझा काही दोष नव्हता हे नमूद करतो. मग त्यांनी नाक्यावरचा धडा पुन्हा गिरवायला घेतला. लांब बॉल, पळणारा गडी. मी पोटातून हाळी दिली, "चला वो," आणि निघालो. पिंजारी खांद्याला खांदा. शिट्टी. पुन्हा बॉल, पुन्हा हाळी, पुन्हा शिट्टी. वाशीमच्या लोकांना कळेना की हे शेतातलं ओरडणं इथं कसलं. आमच्या लोकांना मात्र चांगलंच कळलं. खेड्यातून बाजाराला आलेले लोक कडेला उभे होते, तेही माझ्याबरोबर "चला वो" म्हणायला लागले. कितीदा तरी फसवलं त्यांना. मधे फायरमननं एक गोल फेडला आणि एकाला एक झालं.

खेळ संपत आला होता. त्यांचा सगळ्यात चपळ गडी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मधल्या फळीतला त्यांचा गडी बॉल उचलायच्या बेतात मला दिसला. आजवरच्या सवयीनं पाय मागं, गोलकडं वळायला लागले. मन म्हणत होतं, मागं जा, मागं जाऊन उभा रहा, हाळी चुकली तर सगळं गाव बघतंय. मी हाळी दिली आणि पुढं चालायला लागलो. पिंजारी बरोबर होता. मागं बॉल लागल्याचा आवाज आला, मग जाळ्याचा आवाज आला. शिट्टी आली नव्हती. मी वळलो.

गोलच्या मागं उस्ताद उभे होते. गळ्यात टेप, बोटाला अजून सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान, आणि हात सरळ वर. त्यानंतर शिट्टी झाली. मास्तरांनी गोल रद्द केला.

एकाला एक. जिंकलो नाही, पण ज्यांच्याकडून पाच खाल्ले होते त्यांना बरोबरीत धाडणं हिंगोलीला जिंकल्याहून कमी नव्हतं. सगळी टीम उस्तादांकडं गेली. फायरमननं त्यांच्या पायाला हात लावला आणि माफी मागितली, मोठ्या आवाजात, जशी त्याला सगळंच मोठ्या आवाजात करायची सवय होती. मग सगळे वाशीमवाल्यांना घेऊन जिलबी खायला गेले. मीही निघालो, पण उस्तादांनी बोटानं थांब म्हणून खूण केली.

मी म्हणालो, "उस्ताद, माफ करा. तकलीफ दिली तुमाला."

त्यांनी मान हलवली. मला त्यांचा तो वर गेलेला हात आठवत होता. इतक्या वर्षांची तिनाची सवय, आणि मास्तरांच्या शिट्टीच्या आधी हात वर.

"उस्ताद," मी विचारलं, "दोनचा कायदा तुमच्या नजरेत इतक्या लवकर कसा बसला?"

ते हळू आवाजात म्हणाले, "भानजी की शादीकू हैदराबाद गया था. वहाँ मॅच देखा. चार साल हो गए."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चार वर्षं. म्हणजे मी चोपडी लपवली त्याच्या किती आधी.

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं," उस्ताद म्हणाले. मराठी बोलताना ते फार जपून, एकेक शब्द बोलायचे. "पण दोनचा कायदा लाता, तो तेरेकू कहाँ खडा करता?"

नाक्यावर ते माझ्याकडं बघत होते ते हेच. गाडीत 'बराबर है' म्हणाले ते हेच. दीड-दोन महिने बाजारात मान खाली घालून बसले ते हेच. मी पळू शकत नाही म्हणून दोनचा कायदा त्यांनीही लपवला होता आणि मीही, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच लपवतोय.

मग ते म्हणाले, "लोक माझ्या पाया पडून गेले. मला लाज वाटते. चल, मी जाऊन सांगतो त्यांना." आणि खरंच निघाले.

मी त्यांचा हात धरला. "नक्को, उस्ताद. राहू द्या माझ्याच नावावर."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच, वरपासून खालपर्यंत. मग गळ्यातली टेप काढून माझ्या कमरेभोवती गुंडाळली. वाकून आकडा पाहिला.

"दोन उंगल कम," ते म्हणाले. "उद्या विजार घेऊन ये. मागून उसवली आहे, सगळ्या गावाला दिसली."

दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज झाल्यावर उस्ताद मैदानावर आले आणि पिंजाऱ्याकडून शिट्टी मागून घेतली. फायरमन पुढं म्हातारा होऊन मरेपर्यंत भेटेल त्याला सांगायचा, की याच्या पोटात पाच गोल होते, यानं उस्तादांना फसवलं. मी कधी काही बोललो नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.